काट्याची जागा

नेत्रावळी सोडून घाट लागला
की मी गप्प होतो.
मागची माणसं बोलत राहतात.
वेर्लेच्या बाईंना शाळेला उशीर झालेला असतो,
कुणाच्या तरी मांडीवर कोंबडी असते.
माझं लक्ष काट्यावर.

डायलवरचे आकडे उन्हाने खाल्ले.
उरलाय एक गुलाबी ठिपका,
सुलक्षाच्या नेलपॉलिशचा,
मध्यापासून जरासा उजवीकडे.
काटा तिथे असला की माझं घर चालतं.

जीप मूळची खाणीची. लिलावात घेतली तेव्हा
सीटखाली कुणाची तरी एक चप्पल सापडली
आणि रेडिएटरच्या जाळीत अर्धा डोंगर.
इनास मेस्ताने पाण्याचा पाइप इंजिनकडून बाहेर धरला.
"आली त्याच वाटेने जाऊं दे."
पाणी लाल, मग विटकरी, मग चहासारखं.
खाण बंद पडून किती पावसाळे झाले,
अजून दर मे महिन्यात धुताना
थोडी खाण निघतेच.

त्या पहिल्या वर्षी तिच्याआधी मीच तापायचो.
कुणीतरी म्हणालं, थर्मोस्टॅट काढून फेक,
गोव्याच्या उकाड्यात त्याचं काय काम?
फेकला. काटा तळाला पडून राहिला
आणि मी खूश.
ती मात्र डिझेल ढोसायला लागली,
सकाळभर पांढरं खोकायची.
इनास म्हणाला, "थंड म्हणजे बरी
असं कुणी सांगितलं तुला, पुता?
मढंही थंडच असतं."

नवा कुडचड्याहून आणला.
बसवण्याआधी उकडून बघ, हे त्याचंच.
पेजेच्या टोपात पाणी ठेवलं,
दोऱ्याला बांधून तो पितळी तुकडा आत सोडला.
घरातला तापमापक बेचाळिसावर संपतो,
माणसाची धाव तेवढीच.
इनासच्या भावाने काजूच्या भट्टीवरचा दिला.

सत्तर. काही नाही.
अठ्ठ्याहत्तर. सुलक्षा म्हणाली, भात कधी ठेवू?
ब्याऐंशी,
आणि ते घट्ट मिटलेलं तोंड
आधी केसाएवढं,
मग नखाएवढं उघडलं.
ती टोपावर वाकली.
"तोवर पाणी आतल्या आतच फिरवतो?"
"हो."
"बाहेर सोडतच नाही?"
"अंगात ऊब येईपर्यंत नाही."
बराच वेळ बघत राहिली.
मग टोप दोनदा घासला, राख लावून.

बसवल्यावर आठवडाभर
काटा कुठे थांबतो ते पाहिलं.
इनासचं म्हणणं, आकडा सोड,
तिची रोजची जागा ओळख.
तेव्हा हा ठिपका.

एकदाच त्याने जागा सोडली.
एप्रिल, वेर्लेची फुटबॉलची पोरं खाली न्यायची होती,
आधी वर जाऊन बाकीची दोघं घ्यायची.
पोरांनी संघाचा फलक पुढच्या जाळीवर बांधला,
सुंभाने, चारी कोपऱ्यांना.
मलाही बरा वाटला.
तिसऱ्या वळणावर ठिपका मोकळा दिसला.
पाचव्यावर काटा पार कडेला.

थांबवली. इंजिन मंद चालू ठेवलं.
झाकणाला हात लावायला निघालेल्या पोराला
माझं डावं मनगट दाखवलं,
तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे.
किंदळीच्या सावलीत चाळीस मिनिटं
कुणी काही विचारलं नाही.
फलक सोडवला तेव्हा मागची बाजू कढत होती,
वाघाचं तोंड रंगासकट सुरकुतलेलं.
श्वासावरच बांधला होता आम्ही वाघ.

काटा हळूहळू आला,
घरी उशिरा येणाऱ्या माणसासारखा,
काही न सांगता.

सामना तीन-शून्यने गेला.
फलक अजून टपावर आहे, ताडपत्रीचं काम करतो.

यंदा गुलाबी बाटली सुकली.
सुलक्षाने जांभळी आणली,
काच पदराने पुसली
आणि विचारलं,
"जागा तीच ना?"